नदीकाठी प्रादेशिक उद्यान आखताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नदीकाठच्या उद्यानांची आखणी बहुतेक वेळा आधी कळस मग पाया अशी होते. पहिल्याच बैठकीत एक देखणं चित्र भिंतीवर लागतं: पाण्याला चिकटून सरळ पायवाट, शेजारी हिरवळ, मधे कारंजं, पाण्यावर पुढे काढलेला सज्जा. मग त्या चित्रात नदीला बसवायची धडपड सुरू होते. नदी बसत नाही म्हणून भिंत घातली जाते. भिंतीसाठी काठावरची झाडी जाते, झाडीबरोबर पक्षी जातात, आणि काही पुरांनंतर भिंतीचा पाया उघडा पडलेला दिसतो.

हे टाळायचं तर क्रम पक्का धरावा लागतो: आधी पाणी, मग जमीन, मग तिथले जीव, मग माणसं, आणि चित्र सगळ्यात शेवटी. हा लेख काही किलोमीटर लांबीच्या, एकाहून जास्त गावांच्या किंवा शहरांच्या हद्दीतून जाणाऱ्या उद्यानासाठी आहे. एखाद्या वस्तीपुरती बाग करायची असेल तर तिसरा टप्पा सोपा होईल, बाकीचं सगळं तसंच लागू पडेल.

## तयारी: पेन्सिल उचलण्याआधी

एक पूर्ण वर्ष हाताशी ठेवा. नदी पाणी सगळ्यात कमी असताना आणि सगळ्यात जास्त असताना, अशा दोन्ही वेळी पाहिल्याशिवाय आखणी करू नये. घाई असेल तर बांधकामाचा वेळ कमी करा, हा वेळ नको.

पुढच्या गोष्टी गोळा करा:

- समपातळी रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा, शक्यतो दोन रेषांच्या उंचीत अर्ध्या मीटरचं अंतर असलेला. पुराच्या हिशेबात पाच मीटरच्या रेषांचा नकाशा कामाचा नाही.
- नदीपात्राचे ठरावीक अंतरावर घेतलेले आडवे छेद, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पात्राच्या तळाची मोजलेली उंचसखल रेषा. छेद घेतलेल्या जागा खुणेने पक्क्या करा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा मोजता येईल.
- मिळतील तेवढी जुनी हवाई छायाचित्रं आणि जुने नकाशे.
- नदीला मिळणारे सगळे नाले, गटारं आणि पाइप, त्यांच्या तोंडांच्या जागांसकट.
- जमिनीच्या मालकीचे कागद.

जुनी छायाचित्रं एकमेकांवर ठेवून पाहणं हे काम दोन तासांचं आहे आणि ते न केल्याची किंमत फार मोठी असते. नदी कुठल्या वळणावर बाहेर सरकत गेली, कुठलं बेट आलं आणि गेलं, आज मैदान दिसणारी कुठली जागा कधीकाळी पात्र होती, हे सगळं त्यात दिसतं. जी जागा पूर्वी पात्र होती तिथे मोठ्या पुरात पाणी पुन्हा शिरण्याची शक्यता असते. तिथे इमारत ठेवू नका.

## टप्पा १: पाणी वाचा

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि लोक हाच सर्वांत घाईने उरकतात.

पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत काठाने चाला. झुडपांच्या फांद्यांत गवताच्या काड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वाळलेली पानं एका ओळीत अडकलेली दिसतील. ती ओळ म्हणजे त्या पुराची उंची. झाडाच्या खोडावर वाळलेल्या गाळाचा फिकट पट्टा दिसतो, तोही मोजा. रंगीत फीत बांधा, फोटो काढा, उंचीची नोंद घ्या. पहिल्या जोरदार पावसात या खुणा पुसल्या जातात, म्हणून हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

काठावर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना घरात बसवून विचारू नका, जागेवर घेऊन जा. ‘पूर किती आला होता?’ या प्रश्नाला ‘खूप’ एवढंच उत्तर मिळतं. ‘या पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीला पाणी लागलं होतं?’ असं विचारलं की माणूस पायरीवर बोट ठेवतो आणि तुम्हाला मोजता येणारा आकडा मिळतो.

आता वळणं पाहा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा वेग जास्त असतो, तिथे काठ कापला जातो. आतल्या अंगाला वेग कमी, तिथे वाळू-गाळ साचतो. अडचण अशी की बाहेरच्या अंगाचा काठ उंच असतो आणि तिथूनच नदी सुंदर दिसते, त्यामुळे सज्जा, उपाहारगृह, बैठका सगळं तिथेच ठेवायचा मोह होतो. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका आराखड्यात मी असाच एक सज्जा बाहेरच्या वळणावर ठेवला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाहायला गेलो तर काँक्रीटचे खांब हवेत लोंबकळत होते आणि खालची माती तीन पावलं मागे सरकली होती. खांबांत काही दोष नव्हता, जागाच चुकली होती. तेव्हापासून मी वळणाच्या बाहेरच्या काठावर पक्कं काहीही ठेवत नाही. बसायची जागा हवीच असेल तर काठापासून बरीच आत, आणि उचलून नेता येईल अशी.

मग नकाशावर तीन रेषा काढा:

पहिली रेषा: साधारण दर एक-दोन वर्षांनी पाणी जिथपर्यंत येतं ती. या रेषेच्या आत वनस्पती, कच्ची वाट आणि मोजक्या जागी दगडी पायऱ्या एवढंच.

दुसरी रेषा: कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के असलेला, म्हणजे ज्याला २५ वर्षांचा पूर म्हणतात तो. पहिल्या आणि दुसऱ्या रेषेच्या मधे बुडाली तरी चालेल अशाच गोष्टी ठेवा: खेळाचं मैदान, गवताळ उतार, पायाशी पक्के जखडलेले बाक, पाणी आरपार जाऊ देणारी खेळणी.

तिसरी रेषा: १ टक्का शक्यतेचा, १०० वर्षांचा पूर. स्वच्छतागृह, वीजजोडणी, सामानाची खोली आणि प्रथमोपचाराची जागा हिच्या बाहेर.

‘१०० वर्षांचा पूर’ या शब्दांनी मोठा घोळ होतो. तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता धरली तर ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. तीस वर्षं टिकावी अशा इमारतीसाठी हा धोका लहान नाही. उद्यान आखणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाला हे गणित एकदा फळ्यावर करून दाखवा.

> सावधान: पुराच्या प्रवाहाला आडवं जाळीचं कुंपण घालू नका. त्यात काडीकचरा अडकतो, जाळीचा बांध होतो, पाणी बाजूला वळून काठ फोडतं आणि शेवटी कुंपणही वाहून जातं. कुंपण लागलंच तर प्रवाहाच्या दिशेला समांतर ठेवा.

> तपासणी: तीन रेषा प्रत्यक्ष जमिनीवर खुंट्या ठोकून आखल्या का? समितीतले सगळे त्या रेषांवरून एकदा चालले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वाहून येणारी घाण शोधा

मुलांना पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या बांधायच्या आणि त्याच्या पन्नास मीटर वर सांडपाण्याचा पाइप नदीत सोडलेला असावा, हे चित्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. उद्यान झालं म्हणून नदी स्वच्छ होत नाही. आधी नाल्यांची यादी घेऊन प्रत्येक तोंडाशी जा. बरेच दिवस पाऊस नसतानाही ज्या पाइपातून पाणी वाहतंय, त्यात सांडपाणी असण्याचा दाट संशय घ्या.

पाण्याचे नमुने दोनदा घ्या: कोरड्या काळात आणि मोठ्या पावसानंतर लगेच. रस्त्यांवर साचलेलं तेल, धूळ, कचरा पहिल्या सरींबरोबर एकदम नदीत येतो, त्यामुळे फक्त कोरड्या दिवसाचा नमुना फसवतो. विष्ठेतल्या जिवाणूंची चाचणी न चुकता करा. ती बरी येईपर्यंत पाण्यात उतरायची सोय देऊ नका, फक्त पाहायची द्या.

पावसाचं पाणी आणणारे नाले थेट नदीत न सोडता उथळ, गवताळ चरांतून आणि छोट्या पाणथळ खोलगटांतून फिरवून आणा. वेग कमी झाला की गाळ खाली बसतो. हे चर पुढे उद्यानाचाच भाग होतात आणि तिथे बेडूक, चतुर फार लवकर येतात.

काठावर पूर्वी कचरा किंवा राडारोडा टाकला जात होता का, हेही विचारा. पात्रालगतच्या सखल जागा पुष्कळ ठिकाणी अशाच बुजवलेल्या असतात. अशा जागी मातीची तपासणी झाल्याशिवाय खोदकाम करू नका आणि लहान मुलांची खेळण्याची जागा तर अजिबात ठेवू नका.

## टप्पा ३: मालकी आणि जबाबदारी कागदावर

नदी सरकते, कागदावरची हद्द सरकत नाही. त्यामुळे कागद आणि जागा यांचा मेळ बसत नाही असे तुकडे निघतातच. ते आधी शोधा, मोजणी करून घ्या.

उद्यान अनेक हद्दींतून जात असेल तर एकच संयुक्त समिती आणि एकच लेखी करार हवा. त्यात गवत कोण कापणार, पुरानंतर गाळ कोण काढणार, दिवा बंद पडला तर कोणाला कळवायचं, पुराच्या वेळी फाटकं बंद करायचा अधिकार कोणाचा, हे हुद्द्यासकट लिहा. ‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ असं वाक्य करारात आलं तर ते काम कोणीच करत नाही.

## टप्पा ४: जिवांची मोजदाद, मग गाभा

सगळ्या ऋतूंत नोंदी घ्या: पक्षी कुठे घरटी करतात, मासे कुठल्या उथळ खडीत अंडी घालतात, प्राणी पाण्यावर कुठल्या वाटेने येतात. काठाच्या उभ्या मातीत भोकं दिसली तर ती बुजवू नका, खंड्यासारखे पक्षी अशाच कड्यांत घरटी करतात. पाण्यात पडलेलं खोड ‘घाण’ म्हणून ओढून काढू नका. माशांच्या पिल्लांना त्याखालीच आसरा मिळतो. पुलाच्या खांबांना अडकेल असं असेल तेवढंच हलवा.

या नोंदींवरून उद्यानाचा गाभा ठरवा: जिथे पायवाट, दिवे, बाक काहीच जाणार नाही असा सलग तुकडा. दहा छोटे तुकडे राखण्यापेक्षा एक मोठा सलग तुकडा कितीतरी अधिक मोलाचा, कारण लहान तुकड्याच्या मध्यापर्यंत माणसांचा वावर आणि आवाज पोहोचतोच. दोन्ही काठ ताब्यात असतील तर एक काठ माणसांना आणि दुसरा जिवांना, अशी वाटणी सर्वांत सोपी आणि टिकाऊ ठरते.

आगंतुक, वेगाने पसरणाऱ्या वनस्पती काढायच्या असतील तर वरून खाली या. प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्या राहिल्या तर बिया आणि तुकडे वाहत येऊन साफ केलेली जागा पुन्हा भरून टाकतात. आणि उपटल्या जागी लगेच स्थानिक रोपं लावायची तयारी आधीच ठेवा. उघडी माती पहिल्या पुरात वाहून जाते.

## टप्पा ५: माणसं काय करतात ते पाहा

कार्यालयात प्रश्नावली भरून घेणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. जागेवर जा. भल्या सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी. कोण येतं, कुठून आत शिरतं, कुठे थांबतं, कुठून परत फिरतं, हे नकाशावर टिंबांनी टिपा. उद्यान व्हायच्या आधीपासून नदी वापरणारे लोक असतात: गळ टाकून बसणारे, जनावरं पाण्यावर आणणारे, पलीकडे कामाला जायला वाट तुडवणारे. आराखड्यात त्यांची जागा राहिली नाही तर कुंपण पहिल्याच महिन्यात तुटेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

जे येत नाहीत त्यांचीही नोंद घ्या. बायका अंधार पडायच्या आत निघून जातात का? चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पहिल्या शंभर मीटरमध्येच पायऱ्या आडव्या येतात का? म्हाताऱ्यांना टेकायला जागा आहे का? ही मंडळी बैठकीला येतीलच असं नाही, तुम्हीच त्यांच्याकडे जा.

## टप्पा ६: पट्टे आणि पायवाट

आता पहिल्यांदा चित्र काढायला बसा.

जागेचे तीन पट्टे करा. गजबजीचा पट्टा प्रवेशद्वारांजवळ: खेळणी, मैदान, कार्यक्रमाची मोकळी जागा, स्वच्छतागृह. मधला पट्टा: चालणं, सायकल, बसणं. शांत पट्टा: चौथ्या टप्प्यातला गाभा आणि त्याच्या कडेची अरुंद कच्ची वाट. गजबज आणि शांतता एकमेकांना खेटून ठेवू नका, मधला पट्टा त्यासाठीच असतो.

पायवाटेबद्दल सर्वांत मोठी चूक म्हणजे ती सगळीकडे पाण्याला समांतर आणि पाण्याला लागून नेणं. तशी वाट काठावरच्या झाडीचा सलग पट्टा तोडते, पुरात आधी जाते, आणि चालणाऱ्यालाही कंटाळा आणते. वाट काठापासून आत ठेवा आणि मोजक्या ठिकाणी, मजबूत काठ पाहून, पाण्याकडे आणा. झाडीतून चालताना नदीचा आवाज यावा, आणि एका वळणावर ती एकदम समोर यावी. लोक तिथे थांबतात, आणि माणसांचा भार तुम्ही निवडलेल्या जागीच पडतो. तुडवल्याचं नुकसान पहिल्या थोड्याच पावलांत मोठं होतं आणि नंतर त्याचा वेग कमी होतो. म्हणून माणसं सगळीकडे पसरू देण्यापेक्षा थोड्या, पक्क्या जागी एकत्र आणलेली बरी.

मोजमापं अशी धरा:

- चालणारे आणि सायकली एकत्र असतील तर रुंदी निदान ३ मीटर. वर्दळ जास्त असेल तर दोघांना वेगळी वाट.
- लांबीच्या दिशेचा उतार १:२० पर्यंत, म्हणजे वीस मीटर अंतरात एक मीटर चढ. त्याहून तीव्र झाला तर तो उतारमार्ग समजून कठडे आणि सपाट विसाव्याच्या जागा द्या. १:१२ पेक्षा तीव्र कधीच नको.
- आडवा उतार १:५० च्या आत. यापेक्षा जास्त झाला की चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते.
- मुख्य वाटेवर साधारण दर शंभर मीटरच्या आत टेकायला जागा, पाठीला आणि हाताला आधार असलेली.

पक्कं काम करण्याआधी वाट एक हंगाम फक्त गवत कापून आखून ठेवा. लोक कुठे वळण सोडून आडवे जातात ते दिसेल. तिथे कुंपण घालण्यापेक्षा वाटच तिकडून न्या.

> तपासणी: आखलेली वाट एकदा बाबागाडी ढकलत, एकदा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसाबरोबर, आणि एकदा अंधार पडताना चालून पाहा. तिन्ही वेळा वेगळ्या चुका सापडतात.

## टप्पा ७: काठ मऊ ठेवा

काठ धरून ठेवायचं काम मुळं सर्वांत स्वस्तात करतात. उतार कमी करा, काथ्याची जाळी अंथरा, त्यातून स्थानिक गवतं आणि पाण्याकाठी रुजणाऱ्या झाडांच्या जिवंत काठ्या लावा, पायथ्याशी गरज असेल तिथेच दगड. काथ्या काही वर्षांत कुजतो, तोवर मुळं धरलेली असतात. पूल, पाइप, रस्ता अशा हलवता न येणाऱ्या गोष्टींच्या लगत मात्र पक्कं काम लागतं, ते नाकारू नका.

मोठ्या शहरात हे जमत नाही असं कोणी म्हटलं तर सिंगापूरचं बिशान-आंग मो किओ उद्यान दाखवा. तिथे २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा काढून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली आणि २०१२ मध्ये ते खुलं झालं. पाऊस वाढला की हिरवळीचा उतारच पात्र होतो, आणि इशाऱ्याची व्यवस्था लोकांना वेळेवर बाहेर काढते. नेदरलँड्समधल्या नाइमेखनला वाल नदीसाठी तर बांध ३५० मीटर मागे घेऊन नवा प्रवाह खोदला, आणि मधे तयार झालेल्या बेटावर उद्यान आलं. दोन्ही ठिकाणी आधी पाण्याला जागा दिली गेली.

## टप्पा ८: प्रकाश, सोयी, सुरक्षा

दिवे फक्त मुख्य वाटेवर आणि प्रवेशांवर, प्रकाश खाली पडेल असे झाकलेले, पिवळसर रंगाचे. पाण्यावर झोत नको. गाभ्यात अंधारच हवा. वाहनतळ एकच मोठा न करता छोटे छोटे, तिसऱ्या रेषेजवळ.

दर काही अंतरावर क्रमांकाचे खांब लावा, म्हणजे संकटात माणूस ‘क्रमांक १४ जवळ’ असं सांगू शकेल. पाण्याजवळच्या प्रत्येक जागी दोरीसकट तरंगतं कडं.

> सावधान: पात्रात बुटका बंधारा असेल तर तिथे पोहणं आणि नाव दोन्ही बंद. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं, चांगला पोहणाराही सुटत नाही. वरून पाहताना तो अगदी शांत दिसतो, म्हणून वरच्या अंगालाच ठळक फलक आणि बाहेर पडायची जागा हवी.

> सावधान: जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. घोटा बुडायची वाट न पाहता फाटकं त्याआधी बंद व्हायला हवीत.

## टप्पा ९: एक तुकडा आधी, देखभाल पहिल्या दिवसापासून

सगळी लांबी एकदम करू नका. एक किलोमीटर करा, त्यावरून एक पूर जाऊ द्या, मग पुढचा. पैशांचा हिशेब मांडताना बांधकामाच्या रकान्याशेजारी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा रकाना त्याच कागदावर ठेवा. दुसरा रकाना भरता येत नसेल तर पहिल्यातल्या वस्तू कमी करा. कारंजं सर्वांत आधी काढा.

वर्षातून एकदा ठरलेल्या जागांवरून तेच फोटो, तेच आडवे छेद, तीच पक्षीगणना. काठ सरकतोय का, गाभ्यात वाटा पडतायत का, हे अशाच नोंदींतून कळतं.

पूर येऊन गेल्यावरचा कामाचा क्रमही लिहून भिंतीवर लावा: आधी वीज बंद असल्याची खात्री, मग काठ आणि पुलांची पाहणी, मग गाळ. वाटेवरचा गाळ ओला असतानाच फावड्याने आणि पाण्याने काढा. वाळला की तो कडक होऊन बसतो, आणि तासाभराच्या कामाला दिवस लागतो. गवतावरचा पातळ गाळ तसाच राहू द्या, गवत त्यातून वर येतं. आणि फाटक उघडण्याआधी पहिल्या टप्प्यातल्या खुंट्यांपाशी जाऊन पाणी कुठल्या रेषेपर्यंत आलं होतं ते त्याच वहीत लिहा.